ताईच्या डोळ्यातला तीळ

दिवा जरा तुमच्याकडेच सरकवते. मला कमी उजेडात बरं वाटतं; इतकी वर्षं अंधाऱ्या खोलीत काम केल्यावर दुसरं काय होणार! डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांच्या डोळ्यांच्या आतले फोटो काढणं हा माझा धंदा. बाहुली मोठी राहावी म्हणून खोलीत अंधार ठेवावा लागतो. खिडकीवर काळा पडदा, दारावर काळा पडदा, आणि मधे मी आणि माझं यंत्र. थेंबांच्या औषधाचा कडवट वास त्या पडद्यांत इतका मुरलेला की घरी आल्यावरही माझ्या केसांना यायचा.

लोक विचारतात, डोळ्याच्या आत फोटो काढण्यासारखं असतं तरी काय? असतं. पिकल्या संत्र्याच्या रंगाचा एक पडदा असतो, त्यावर बारीक शिरा पसरलेल्या असतात आणि मधोमध एक गडद ठिपका असतो. वाचणं, सुई ओवणं, चेहरा ओळखणं, सगळं त्या एवढ्याशा ठिपक्याच्या जोरावर चालतं. आणि काही जणांच्या पडद्यावर तीळ असतो. गालावर असतो तसाच, तपकिरी, चपटा. बहुतेक तीळ जन्मभर गपचूप बसून राहतात. एखादा मात्र वाढायला लागतो, आणि वाढला की तो तीळ राहत नाही. मग डोळ्यावर भागलं तरी नशीब म्हणायचं.

म्हणून अशा लोकांना दर काही महिन्यांनी बोलवायचं, फोटो काढायचा आणि जुन्या फोटोशी ताडून बघायचा. हे ताडून बघण्याचं काम एक प्रोग्राम करतो. त्याला आम्ही मास्तर म्हणायचो, कारण तो तसाच होता: चूक काढायला तयार, कौतुक कधी नाही. दोन शिरा जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोन्ही फोटोंवर मी खुणा लावायच्या. त्या खुणांना आमच्यात टाचण्या म्हणतात. टाचण्या नीट लागल्या की मास्तर जुना फोटो नव्यावर बसवतो आणि आलटून पालटून दाखवतो. जुना, नवा, जुना, नवा. जे बदललेलं नाही ते संगणकाच्या पडद्यावर स्थिर दिसतं. जे बदललं ते उडतं. शेवटी मास्तर तिळाचं क्षेत्रफळ मोजून खाली निकाल लिहितो. बहुतेक वेळा दोनच शब्द: बदल नाही. ते दोन शब्द वाचून किती जणांच्या जिवात जीव आलेला मी पाहिलाय.

आता ताईबद्दल सांगते. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. ती ताईने घातली. शाळा, नोकरी, लग्न, सगळं तिनेच निस्तरलं. स्वतः मात्र लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "हे एक प्रकरण सांभाळलं तेवढं पुरे झालं." तिचा डावा डोळा लहानपणीच्या आजारात गेला होता. उरलेल्या उजव्या डोळ्यावर तिने जन्मभर लोकांचे कपडे शिवले. माझा नवरा बोटीवर कामाला, वर्षातले थोडे दिवस घरी. त्यामुळे ताई माझ्याकडेच राहायची, तिचं शिवणयंत्र आमच्या पुढच्या खोलीत खिडकीशी, आणि माझी मुलगी कायम त्या यंत्राच्या पायाशी चिंध्या गोळा करत बसलेली. मुलीचा जीव माझ्यापेक्षा तिच्या माऊवर जास्त. माऊ म्हणजे ताई. मावशी म्हणता येत नव्हतं तेव्हापासूनचं नाव.

चष्म्याचा नंबर वाढला म्हणून ताईला मी एकदा दवाखान्यात नेलं. एवढंच निमित्त. थेंब घातले, यंत्रापुढे बसवलं.

"हनुवटी टेकव. कपाळ पट्टीला लाव. हिरव्या दिव्याकडे बघ."

"बघतेय. पेशंटशी बोलल्यासारखं काय बोलतेस?"

"पेशंटच आहेस तू."

"मग माझ्याकडून फी घे आणि जरा गोड बोल," ताई म्हणाली. फोटो निघाला आणि पडद्याच्या कडेला, मधल्या ठिपक्यापासून खूप लांब, मला तो तीळ दिसला.

मी फोटो तडक दाखवायला नेला. आमच्या मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, घाबरू नकोस, निरुपद्रवी दिसतोय, नजर ठेवू. नजर ठेवू! लोकांना मीही तेच सांगत आले होते. पण एकुलत्या एका डोळ्यातला तीळ आणि तो आपल्या ताईचा, म्हटल्यावर ते दोन शब्द किती पोकळ असतात ते कळलं. मी सगळ्यांना सहा महिन्यांनी बोलवायचे, ताईला मन मानेल तेव्हा बसवायला लागले. ती वैतागायची. "फोटो काढून काढून तीळ लाजून जाईल," म्हणायची.

पहिले काही फोटो शांत होते. जुना, नवा, जुना, नवा; काही उडत नव्हतं. बदल नाही. मग पानगळ सुरू झाली होती त्या सुमाराला एका सकाळी मी दोन फोटो लावले आणि शिरा जागच्या जागी राहिल्या, तीळ तेवढा हलला. थोडासाच. पाऊल पुढे टाकून कुणी परत मागे घ्यावं तसा. जुना, नवा, जुना, नवा. पुढे, मागे, पुढे, मागे.

मी मास्तरचा निकाल बघितला. क्षेत्रफळ तेच. बदल नाही.

डॉक्टरबाईंनी बघितलं आणि हसल्या. "टाचण्या चुकल्यात तुझ्या. तीळ वाढतो, फिका पडतो. चालत नाही."

"मॅडम, टाचण्या बरोबर आहेत. शिरा बघा ना, तसूभर हलत नाहीयेत."

"मग डोळा तिरका झाला असेल. बहिणीचा फोटो काढताना हात कापतो माणसाचा. परत लाव."

परत लावल्या. डबा तसाच झाकून ठेवून दुपारभर लावत बसले. दुसऱ्या शिरा निवडल्या, तिसऱ्या निवडल्या. माझ्या हाताखालून हजारो डोळे गेलेत, टाचण्या मला डोळे मिटून लावता येतात. प्रत्येक वेळी शिरा स्थिर, आणि तीळ मधल्या ठिपक्याच्या दिशेने थोडा पुढे.

घरी येऊन काही बोलले नाही. पण ताईपासून काही लपवणं मला कधी जमलेलं नाही. भाजी निवडताना ती एकदम म्हणाली, "काय झालंय? भांडी आपटतेयस आल्यापासून."

"काही नाही."

"तिळाचं आहे ना?" ती देठ मोडत राहिली. "मला वाटलंच. मीही तुला सांगू की नको करत होते. हसशील तू."

"नाही हसणार."

"मला कुणीतरी दिसतं."

मी नळ बंद केला. आतल्या खोलीत मुलगी पाढे म्हणत होती, तेवढाच आवाज.

"म्हणजे नीट नाही दिसत," ताई म्हणाली. "सावली म्हण. उभी. मी जिकडे बघेन तिकडे, पण कडेला. आधी खूप लांब असायची, रस्त्याच्या त्या टोकाला कुणी उभं असावं तशी. मी म्हटलं डोळ्यात काही गेलं असेल. आता तशी लांब नाही. आता मी तुझ्याकडे बघितलं की ती तुझ्यापासून... दोन हातांवर असते."

"आत्ता?"

"आत्ता त्या फडताळाशी."

मी फडताळाकडे बघितलं. अर्थातच तिथे काही नव्हतं. डबे होते.

मी तिला समजावलं, आणि ते खरंच होतं: पडद्यावर जिथे तीळ असतो तिथलं दिसणं मंद होतं, मग नजरेत त्या जागी काळपट डाग दिसतो. नजर फिरली की डागही फिरतो. तीळ मधल्या ठिपक्याच्या जितका जवळ, तितका तो डाग आपण बघतो त्या वस्तूच्या जवळ. अगदी पुस्तकात असतं तसं मी सांगितलं. ताईने ऐकून घेतलं.

"असेल," ती म्हणाली. "पण डागाला खांदे कशाला असतात गं?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्यावर मी खोलीचं दार लावून घेतलं. एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या माणसाला पाठ असते, तरी ती मला तोवर सुचली नव्हती. डोळ्याच्या पडद्यावर जग उलटं पडतं. पडद्यावर वर असलेलं माणसाला खाली दिसतं. मी तिळाचा फोटो मोठा केला. वर रुंद, खाली निमुळता, आणि टोकाला एक गोलसर गाठ; इतके महिने मी त्याचं वर्णन असंच लिहीत आले होते. मग मी फोटो उलटा फिरवला.

गाठ वर गेली. तिच्याखाली उतरते खांदे. माझ्याकडे पाठ करून कुणीतरी सरळ, हात अंगालगत ठेवून उभं होतं.

मी खुर्ची मागे ढकलली ती भिंतीला लागली. मग मीच मला शिव्या घातल्या. ढगात घोडा दिसतो, भिंतीच्या ओलीत म्हातारा दिसतो, तसंच हे. आणि तरी माझा हात थांबला नाही. ताईचे पहिल्यापासूनचे सगळे फोटो मी बाहेर काढले, सगळ्यांना टाचण्या लावल्या, उलटे फिरवले आणि एकामागून एक चालवले. ते मी करायला नको होतं. त्यात तीळ सरकत नव्हता. सरकणाऱ्या वस्तूचा आकार तोच राहतो. ह्याचा एकदा डावा खांदा वर होता, एकदा उजवा. खाली मास्तर प्रत्येक फोटोला इमानदारीत लिहीत होता: बदल नाही, बदल नाही, बदल नाही. आणि शेवटच्या फोटोत त्या गाठीची कड जरा बदललेली होती, मान वळवायला सुरुवात केल्यासारखी.

मी डॉक्टरबाईंना ती उलटी फिल्म दाखवली नाही. त्यांनी मला कामावरून काढलं नसतं, पण त्या खोलीतून नक्की हलवलं असतं. सरळ फोटो दाखवले. या खेपेला त्या हसल्या नाहीत. बराच वेळ बघून म्हणाल्या, "मधल्या बाजूने वाढतोय, आणि बाहेरच्या बाजूने फिका पडतोय. म्हणून बेरीज तेवढीच येते. मास्तर फसला. मधल्या ठिपक्यापर्यंत पोचायच्या आत लेझरने जाळून टाकू."

ऐकून मला केवढं हायसं वाटलं! शहाण्या माणसाने शहाणं कारण दिलं की आपलं अर्धं भय पळतं. ताईला सांगितलं. ती म्हणाली, "जाळा बाई. बिनभाड्याचा राहतोय कधीचा."

लेझरचं यंत्रही नकाशावर चालतं. सकाळी मी फोटो काढायचा, टाचण्या लावायच्या. त्यावर डॉक्टरबाई कुठे कुठे जाळायचं ते आखणार. मग यंत्र शिरांवरून डोळा ओळखून बरोबर त्याच जागी किरण सोडणार. पेशंटचा डोळा हलला तरी चूक होत नाही, कारण शिरा हलत नाहीत. सगळा भरवसा शिरांवर. त्या सकाळी मी टाचण्या तीन-तीनदा तपासल्या. दुपारी ताईला आत नेलं. मी दाराबाहेर उभी राहून यंत्राचा टक् टक् आवाज ऐकत होते. मधेच ताईचा आवाज आला, अगदी हळू: "अहो, बाजूला झाला तो..." डॉक्टरबाई म्हणाल्या, "हलू नका, झालंच."

सूज उतरल्यावर मी फोटो काढला. लेझरचे पांढरे डाग आखलेल्या जागी रांगेत उमटले होते, एकही इकडचा तिकडे नाही. आणि तीळ त्यांच्या शेजारी होता. अख्खा. मधल्या ठिपक्याच्या अगदी जवळ.

"टाचण्या कोणी लावल्या होत्या?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी."

त्यांनी फाईल मिटून ठेवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चांगला पडदा जळाला होता, ताईची तेवढी नजर कायमची गेली होती, आणि माझ्या टाचण्या बरोबर होत्या हे मी कुणाला पटवणार? सकाळी तो तिथे होता. दुपारी नव्हता. एवढंच मला म्हणता आलं असतं.

त्यानंतर ताई आमच्याकडे बघेनाशी झाली. आधी मला वाटलं, माझ्यावर रागावलीय. जेवताना ताटात बघायची, बोलताना भिंतीकडे. मग तिने डोळ्यावर रुमालच बांधला आणि शिवणयंत्रावर खोळ घातली. घरात इतकी वर्षं सतत चाललेला तो खडखडाट बंद पडला, आणि आमच्या घराला असे कोपरे आहेत, अशी शांतता आहे हे मला पहिल्यांदाच जाणवलं. मी या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत राहायचे. एक काम धरायचं, ते अर्धं सोडून दुसरं. मुलगी माऊच्या मागे मागे: "माऊ, बघ ना मी काय केलं. माऊ, रुमाल काढ ना, एकदाच बघ." ताई हात पुढे करून तिचा चेहरा चाचपायची, पण रुमाल काढायची नाही. एकदा मुलीने लाडात येऊन तो ओढला, तर ताईने ओंजळीत तोंड लपवलं आणि इतक्या जोरात किंचाळली की पोर रडत माझ्याकडे आली.

मुलगी शाळेत गेल्यावर मी ताईसमोर बसले. "तिला का झिडकारतेस? तिने काय केलंय?"

ताईने रुमालाची गाठ आणखी घट्ट केली. मग म्हणाली, "मी ज्याच्याकडे बघेन त्याच्या शेजारी तो उभा राहतो. आता शेजारी म्हणजे... बोटभर अंतर. परवा मी तिच्याकडे बघितलं तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर वाकून बघितलं. तो कुठे चाललाय हे मला आता कळलंय. माझ्याकडे नाही येत ती स्वारी. मी फक्त वाट आहे. तो पोचेल तेव्हा मी ज्याच्याकडे बघत असेन ना..." ती थांबली. "तिच्याकडे नाही बघणार मी. तुझ्याकडेही नाही."

"ताई, डॉक्टरबाई म्हणतात जीव वाचवायचा तर डोळा काढावा लागेल."

"काढू देत."

"दुसरा नाहीये तुला!"

"ठाऊक आहे मला किती डोळे आहेत ते," ती म्हणाली, आणि त्याही परिस्थितीत तिला हसू आलं. मला मात्र रडू कोसळलं. जिने मला वाढवलं, जिच्या सुईच्या टोकावर आमचं घर उभं राहिलं, ती जन्मभराचा अंधार असा भाजी आणायला निघाल्यासारखा पत्करत होती, आणि कशासाठी, तर माझ्यासाठी आणि माझ्या मुलीसाठी. मी तिला म्हटलं, हे सगळं मनाचे खेळ आहेत. माझाच आवाज मला खोटा वाटला.

ऑपरेशनचा दिवस ठरला. त्याआधी एक शेवटचा फोटो लागतो, ताडून बघायला. दुपारची वेळ होती, बाहेर व्हरांड्यात पेशंटची गर्दी, कुणाचं तरी पोर रडत होतं. मी काळा पडदा ओढला आणि ते सगळे आवाज लांब गेले. यंत्राच्या पंख्याची घरघर तेवढी उरली. ताई हनुवटी टेकवून बसली. मी रुमाल सोडला. डोळा घट्ट मिटलेला.

"उघड, ताई."

"हिरवा दिवा लावलास?"

माझा हात बटणावर होता. त्या एका क्षणी माझ्या मनात काय काय आलं ते सांगता यायचं नाही. पण एक गोष्ट लख्ख कळली, की उद्या हिचा डोळा गेला आणि मी दोन डोळ्यांनी जग बघत राहिले, तर मला ते सोसणार नाही.

मी दिवा लावला नाही. यंत्राच्या बाजूने पुढे वाकले आणि तिच्या समोर तोंड नेलं.

"दिव्याकडे नको. माझ्याकडे बघ."

"नाही..."

"बघ. एकदा त्याला पोचू दे. मी मोठी झालेय आता."

"वेडी आहेस का... तुझी पोर लहान आहे..."

"ताई, माझ्या वेण्या घातल्यास, आता माझं ऐक. बघ माझ्याकडे."

तिच्या पापण्या थरथरत होत्या. मी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, लहानपणी ती माझं धरायची तसं. आणि तिने डोळा उघडला.

ती माझ्याकडे बघत होती. मग माझ्या कानापाशी. मग गालावर. मग तिची बाहुली अगदी स्थिर झाली, आणि मला माझ्या मानेपाशी, केसांच्या मुळाशी, गारवा जाणवला. वारा नव्हे, खिडकी बंद होती. दमट खोलीचं दार कुणी मागे उघडावं तसा. मी हललेही नाही. किती वेळ गेला कोण जाणे. तिच्या गालावरून पाणी ओघळलं.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"तू," ताई म्हणाली. "नुसती तूच." आणि पुन्हा, विश्वास बसत नसल्यासारखं, "किती दमलीयस गं."

मी परत यंत्रामागे बसून फोटो काढला. पडदा स्वच्छ होता. लेझरचे पांढरे डाग होते, शिरा होत्या, मधला ठिपका ठळक होता. तीळ कुठेच नव्हता. मास्तरला फोटो दिला तर त्याने बराच वेळ घेतला आणि मोजण्यासारखं काही सापडत नाही असं लिहिलं. डॉक्टरबाई आनंदाने म्हणाल्या, लेझरचा परिणाम कधीकधी उशिरा दिसतो. माझी पाठ थोपटली. ऑपरेशन रद्द झालं.

ताईने त्याच दिवशी यंत्रावरची खोळ काढली. जळालेल्या भागातलं तिला दिसत नाही, पण सुई ओवता येते. मुलीला समोर बसवून तिने तिच्याकडे इतका वेळ बघितलं की पोर लाजली. माझ्याकडे ती आता रोखून बघते. मी विचारते, "माझ्याजवळ काही दिसतं का गं?" ती म्हणते, "तुझ्याजवळ दिसण्यासारखं कधी काही होतं?" आणि दोघी हसतो. माझे स्वतःचे डोळे मी तपासून घेतले, एकदा नाही, अनेकदा. स्वच्छ आहेत. मानेपाशी तो गारवा आहे, पण वयाबरोबर माणसाला काय काय होतं. मला कशाचा पश्चात्ताप नाही. परत वेळ आली तर परत तेच करेन. रात्री झोप लागत नाही, एवढंच.

आणि एक आहे. माझी मुलगी बडबडी आहे. जेवायला बसलो की शाळेतलं सगळं सांगते, माझ्याकडे बघत, घास तोंडात तसाच. हल्ली सांगता सांगता ती मधेच थांबते. तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून सरकून जरा बाजूला, जरा वर जाते. मोठं माणूस बोलायला लागलं की मुलं गप्प राहतात ना, तशी ती गप्प राहते. मग "हो" म्हणून मान हलवते, आणि पुढचं सांगायला लागते.